मैदानावरचा दाजी

हातमोजे वाळत घालायची जागा गेली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

गोलकीपरचे हातमोजे उन्हात वाळवायचे नसतात. तळव्याचा मऊ थर कडक होतो, त्याला भेगा पडतात, आणि मग चेंडू हातात बसायच्या ऐवजी ओल्या साबणासारखा निसटतो. ते कोमट पाण्यात, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशा हलक्या हाताने धुवायचे आणि सावलीत, वाऱ्याला टांगायचे. घराच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली होती. तिला उत्तरेकडे खिडकी. ऊन कधी आत यायचं नाही, वारा मात्र दिवसभर ये-जा करायचा. तिथे बांधलेल्या दोरीवर या गोलकीपरचे मोजे वर्षानुवर्षं लोंबत होते. बायको म्हणायची, "लोकांच्या घरात देवघर असतं. आमच्यात आहे ते मोज्यांचं घर."

मग तिचा धाकटा भाऊ आला, त्या खोलीत त्याची कॉट पडली आणि मोज्यांची रवानगी न्हाणीघराच्या खिडकीत झाली. तिथे सदा वाफ. मोजे धड वाळेनात, त्यांना कुबट वास यायला लागला. बायको म्हणाली, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." ते दोन दिवस संपून हंगाम संपत आला होता.

आणि गंमत अशी, की मेहुण्याला या परदेशात आणलं कुणी? ह्यानेच. गावाकडच्या मैदानावर पोरगा चेंडू पायात घेऊन गर्रकन वळतो आणि समोरचे दोघे रिकाम्या जागेकडे बघत राहतात, हे मोबाइलवर त्यानेच कोचला दाखवलं होतं. "माझा मेहुणा आहे. घरात सगळे त्याला भिंगरी म्हणतात," असं छाती फुगवून सांगितलं होतं. जावयाला सासरी आपला हात केवढा लांब आहे हे दाखवायची हौस असते. ती फिटली. आता त्याच छातीत आतून धग लागली होती.

तो स्वतः आठ वर्षांपूर्वी इथे एकटा आला होता. भाषा येत नव्हती. बेकरीच्या वरची एक खोली, तिच्यात आणखी तिघे, सगळ्यांचे बूट एकाच खिडकीत. पहिला सगळा हंगाम त्याने बाकावर बसून, दुसऱ्याचा खेळ बघत काढला. डाव्या हाताची करंगळी एका सामन्यात वाकली ती अजून सरळ झालेली नाही. चहाचा कप धरला की ती वेगळीच उभी राहते, जणू तिला काही विचारायचं आहे. एवढं करून जागा मिळाली, पण कौतुक म्हणून जे असतं ते मिळालं नाही. त्याचं नाव इथल्या लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून जर्सीवरच्या आकड्यावरून सगळे त्याला "एक नंबर" म्हणायला लागले. हे ऐकून बायको पोट धरून हसली होती. आपल्या भाषेत एक नंबर म्हणजे उत्तम, अस्सल. इथे एक नंबर म्हणजे एक नंबर.

आणि भिंगरी? विमानतळावर घ्यायला दाजी, घरात ताईच्या हातचं जेवण, कॉटवर धुतलेली चादर. त्याने गोल करायला सुरुवात केली आणि प्रेक्षकांनी त्याच्यावर गाणं रचलं. दोन ओळींचं, सोप्या चालीचं, नावाची पार वाट लावणारं. पण गाणं ते गाणं. अख्खा स्टँड उभा राहून म्हणायचा. कीर्तनात बुवांनी पद सोडावं आणि मंडपातल्या शेवटच्या माणसाने ते उचलावं, तसं ते पद एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं. गोलकीपर आपल्या खांबांमध्ये उभा राहून ऐकायचा. टाळकऱ्याने आयुष्यभर मागे उभं राहून ताल धरावा आणि काल आलेल्या गायकाला लोकांनी हार घालावा, तेव्हा त्या टाळकऱ्याच्या हातातले टाळ कसे जड होत असतील, हे त्याला नीट कळत होतं.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. पूर्वी त्या "जावईबापू कुठायत?" इथून सुरुवात करायच्या. आता स्क्रीनवर कपाळ दिसलं, की पहिला प्रश्न, "माझा भिंगरी जेवला का?"

"आई, हेही जेवलेत," बायको म्हणायची.

"हो का? बरं झालं," सासूबाई म्हणायच्या, शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

हेही एक वेळ त्याने गिळलं असतं. पण मैदानावर आणखी एक प्रकार सुरू झाला, तो काही गिळता येईना. भिंगरी घरात त्याला दाजी म्हणायचा, तसंच मैदानावरही म्हणायचा. उंच चेंडू आला, की "दाजी!" असं ओरडून बाजूला व्हायचा. त्याचं काही नाही, पोर आहे, सवय आहे. पण हळूहळू बाकीच्यांनीही ते उचललं. त्यांना द म्हणता येत नव्हता. कप्तान ओरडायचा, "डाजी!" डावा बॅक ओरडायचा, "डाजी!" सरावाला, सामन्याला, सगळीकडे डाजी, डाजी.

गोलकीपरने याचा सरळ अर्थ लावला. आठ वर्षं इथे घाम गाळला, आणि शेवटी आपली ओळख काय उरली? तर त्या स्टारचा नातेवाईक. त्याच्या बहिणीचा नवरा. पूर्वी निदान आकडा तरी स्वतःचा होता.

* * *

हंगामाचा शेवटचा सामना तोंडावर आलेला असताना कोचने त्याला बोलावलं. कोचची खोली म्हणजे एक टेबल, भिंतीवर पांढरा फळा, त्यावर चुंबकाच्या लाल-निळ्या टिकल्या आणि कोपऱ्यात कुणाचे तरी ओले मोजे. कोच इथलाच, पिकल्या केसांचा, कमी बोलणारा. त्याने खुर्चीवरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले.

"बस. वरच्यांनी नियम बदललाय. पुढच्या हंगामापासून आपल्या गटातल्या क्लबला बाहेरच्या देशातला एकच खेळाडू ठेवता येईल."

गोलकीपर खुर्चीच्या टोकावर बसला.

"आपल्याकडे दोन आहेत," कोच म्हणाला. "एक तू. एक तुझा मेहुणा. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. शेवटचा सामना झाला की क्लबची बैठक. तिथे मला एक नाव द्यायचंय."

"कुणाचं देणार?"

"तेच ठरत नाही. तू भरवशाचा आहेस. तो तरुण आहे." कोचने फळ्यावरची एक निळी टिकली उचलली आणि तळहातावर फिरवली. "एक सांग. त्याचा पाय कसा आहे? डावीकडे वळताना तो दात आवळतो असं मला वाटतं. विचारलं तर म्हणतो, काही नाही. तुझ्या घरात राहतो, तुला माहीत असेल."

माहीत होतं. महिनाभर माहीत होतं. भिंगरी सकाळी जिना खेकड्यासारखा आडवा उतरायचा, एक पाय खाली, मग कठड्याला धरून दुसरा. जांघेत दुखायचं. ताई गरम पाण्याची पिशवी द्यायची. एकदा जिन्याच्या पायरीवर बसून त्याने हात जोडले होते. "दाजी, कोचला सांगू नका हं. एवढा हंगाम जाऊ दे, मग बसतो पाय वर करून." आणि ह्याने वर्तमानपत्रातून मान न काढता म्हटलं होतं, "मी कशाला सांगू?" तेव्हा सांगून काही मिळणार नव्हतं, त्यामुळे शब्द देणं सोपं होतं.

"विचारून सांगतो," तो कोचला म्हणाला.

"सामन्यानंतर, बैठकीच्या आधी सांग."

बसमध्ये खिडकीशी बसून तो घरी आला, आणि त्या एवढ्या प्रवासात त्याच्या मनाने काय काय सोंगं घेतली. खरं बोलायचं आहे ना, मग भ्यायचं कशाला? पोराचाच पाय वाचेल. वडीलधारा म्हणून आपलं कर्तव्यच आहे ते. आज लपवलं आणि उद्या पाय कायमचा गेला, तर सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं? एकेक मुद्दा बिनतोड होता. मत्सर उघड्या अंगाने क्वचितच येतो. तो शहाण्या काकाचं उपरणं खांद्यावर टाकून येतो, पाट मागतो आणि पोटभर जेवतो. बस थांबली तेव्हा गोलकीपरच्या लक्षात आलं, की या सगळ्या विचारांत आपण मेहुण्याचा पाय एकदाच पाहिला आणि रिकामी झालेली मागची खोली पुन्हा पुन्हा पाहिली. दोरीवर टांगलेले मोजे सुद्धा.

बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं अशी कामं ती घरी घ्यायची. भिंगरी बाहेर गेला होता. गोलकीपरने उभ्या उभ्या तिला नियम सांगितला. मशीन थांबलं.

"म्हणजे एक तुम्ही, नाहीतर तो."

"हो."

"मग मला कशाला सांगता? एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. कात्री घेऊन स्वतःला मधोमध कापू?"

"सांगितलं फक्त. आणि कोचने त्याच्या पायाबद्दल विचारलंय."

तिने तोंडातल्या टाचण्या काढून हाताला बांधलेल्या गादीत एकेक खोचल्या. "तुम्ही काय म्हणालात?"

"विचारून सांगतो म्हटलं."

"विचारायला काय राहिलंय? आंधळ्यालाही दिसेल तो कसा चालतो ते." मग ती म्हणाली, "तुमच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. मला माहिती आहे."

"काय माहिती आहे?"

"न्हाणीघराचं दार तुम्ही हल्ली आपटता. पूर्वी आपटत नव्हता."

"ते फुगलंय वाफेने. नीट लागत नाही."

"हो ना," ती म्हणाली. "फुगलंय खरं." आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

* * *

सामन्याच्या दिवसापर्यंत त्याने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलंही नाही आणि लपवलंही नाही, आता देवाच्या मनात असेल ते होईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. देवाचंही नशीब बघा, जे काम आपल्याच्याने होत नाही ते त्याच्या गळ्यात, आणि जे करायची लाज वाटते तेही त्याच्याच गळ्यात.

नेहमीप्रमाणे त्याने दोन्ही खांबांना हात लावून तो हात कपाळाला लावला, उंबरठ्याला लावतो तसा. हे तो पहिल्या दिवसापासून करत आला होता. आज हात कपाळाशी जरा अडखळला.

सामना चुरशीचा होता. भिंगरीने पूर्वार्धातच गोल केला. उजवीकडे वळून केला, डावीकडे वळला नाही, हे गोलकीपरला एवढ्या लांबून दिसलं. प्रेक्षक उठले, गाणं सुरू झालं. दोन ओळी, पुन्हा दोन ओळी. गोलकीपरने उगाच वाकून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती.

मग त्यांचा संघ मागे हटून ती आघाडी सांभाळत राहिला. अगदी शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. सगळे गोलसमोर गोळा झाले. भिंगरीही मागे आला होता, लंगडत. त्याला कुठल्या चेंडूखाली कधी उभं राहायचं हे जन्मजात कळायचं, म्हणून कॉर्नरला कोच त्याला मागे बोलवायचा. गाणं चालूच होतं.

चेंडू उडाला. उंच, जड, हवेत रेंगाळणारा. गोलकीपर एक क्षण जागच्या जागी थबकला. खोटं कशाला बोलायचं, त्या क्षणी त्याच्या मनात चेंडू नव्हता, गाणं होतं. चेंडू थेट भिंगरीच्या डोक्यावर येत होता. डोकं लावलं असतं तर लांब गेला असता, आणि स्टँडने गाण्याला तिसरी ओळ जोडली असती.

भिंगरीने वर पाहिलं आणि मागे न बघताच ओरडला, "दाजी!"

लगेच कप्तान, "डाजी!" डावा बॅक, "डाजी!" आणि ते सगळे एकदम दोन्ही बाजूंना फाकले. बुवा निरूपणाला पुढे यायला लागले, की टाळकरी न सांगता दुभंगतात आणि मधे वाट होते, अगदी तशी वाट झाली. त्या वाटेच्या टोकाला चेंडू होता आणि दुसरं कुणी नव्हतं. गोलकीपरच्या पायांनी त्याला विचारलं नाही. ते निघाले. त्याने उडी मारली, चेंडू दोन्ही तळव्यांत बसला, आणि त्याला छातीशी घेऊन तो गवतावर पडला. वाकडी करंगळी सुद्धा चेंडूवर होती.

डोळे उघडले तर शेजारी भिंगरी बसलेला. कुणी ढकललं नव्हतं, धक्का लागला नव्हता. नुसता बाजूला होताना बसला होता. चेहरा चुन्यासारखा.

"पाय?"

"काही नाही, दाजी," भिंगरी म्हणाला. "झकास पकडलात."

* * *

सामना जिंकला होता. ड्रेसिंग रूममध्ये वाफ, ओरडा आणि मलमाचा वास भरला होता. कप्तान बाकावर बसून गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून होता. तो या देशातलाच, दांडगा, मोठमोठ्याने बोलणारा. गोलकीपर त्याच्या शेजारी बसून मोजे काढत होता. इतके महिने घशात अडकलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"एक विचारू? तुम्ही सगळे मला डाजी म्हणून का चिडवता?"

"चिडवतो?" कप्तानने बर्फ बाजूला केला. "कोण चिडवतंय?"

"त्याचा नातेवाईक म्हणून."

"नातेवाईक कुठून आला मधेच? डाजी म्हणजे सोड ना?"

"काय?"

"सोड. हात लावू नको, मागचा घेतो." कप्तान आता गोंधळला होता. "तुझ्याकडचा पोरगा आल्यापासून तेच ओरडतो. चेंडू तुझ्याकडे गेला, की डाजी म्हणतो आणि बिनधास्त बाजूला होतो. मागे वळून बघत पण नाही. आम्हाला वाटलं, तुमच्या भाषेतला शब्द आहे. आम्ही इतकी वर्षं 'कीपर' ओरडायचो, पण कीपर म्हटलं तरी दोघंतिघं उडी मारायचेच. भरवसा कुठे असतो? डाजी म्हटलं की सोडतात. कसं काय ते देवाला माहीत." त्याने बर्फ पुन्हा गुडघ्यावर ठेवला. "मी तर घरी पण म्हणतो. बायको जड पिशवी उचलायला लागली, की मी म्हणतो, डाजी. ती सोडते, मी उचलतो."

गोलकीपरने काढलेला मोजा पुन्हा हातात चढवला.

"मग काय अर्थ आहे त्याचा?" कप्तानने विचारलं.

"बहिणीचा नवरा."

कप्तानने क्षणभर विचार केला. मग तो हसायला लागला, इतका की बर्फाची पिशवी खाली पडली. "ऐका रे! आपण सगळे याचे मेहुणे आहोत." डावा बॅक लगेच म्हणाला, "मग आमची बहीण नीट सांभाळतोस ना?" आणि सगळी खोली खिदळायला लागली. गोलकीपरलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं. हसता हसता त्याची नजर कोपऱ्यात गेली.

भिंगरी हसत होता, पण अजून बूट घालूनच बसला होता. त्याला वाकता येत नव्हतं. नाडीपर्यंत हात पोचवायचा, थांबायचा, इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना.

गोलकीपर उठला, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि नाडी सोडायला लागला.

"अहो दाजी, हे काय. लाजवताय मला."

"गप बस. पाय सैल सोड." नाडीला ओली गाठ बसली होती. ती सोडवता सोडवता त्याने विचारलं, "आज डोकं का नाही लावलंस? तुझाच चेंडू होता तो."

"उडी बसली नसती," भिंगरी हळूच म्हणाला. मग म्हणाला, "आणि मागे तुम्ही होता की."

गोलकीपरने त्याच्या पायातून बूट काढला. पोराने चेंडू सोडला होता, गोल सोडला होता, तिसरी ओळ सोडली होती, आणि मागे वळूनही पाहिलं नव्हतं. आणि मागे जो उभा होता तो गेला आठवडाभर या पोराचा पाय तराजूत घालून बघत होता.

"मी कोचला सांगणार आहे," तो म्हणाला. "पायाबद्दल. तुला आधी सांगतोय."

भिंगरीचं हसू गेलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"दाजी, आता नको. बैठक आहे म्हणतात. काढून टाकतील मला."

"नाही टाकणार," तो म्हणाला. पण का नाही टाकणार, ते त्याला सांगितलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी तो कोचच्या खोलीत गेला तेव्हा खुर्चीवर पुन्हा कागद होते. तो उभाच राहिला.

"दोन गोष्टी आहेत. ओळीने ऐका, नाहीतर दुसरी नासेल."

"बोल."

"त्या एका जागेसाठी माझं नाव धरू नका. मी काल रात्रीच नदीपलीकडच्या क्लबशी बोललोय. खालच्या गटातला आहे, तिथे हा नियम नाही. त्यांना कीपर हवाय."

कोचने चष्मा काढला. "आणि दुसरी?"

"पोराचा पाय दुखतोय. जांघेत. महिना होऊन गेला. नीट तपासून घ्या आणि त्याला बसवा. तो नाही म्हणेल, त्याचं ऐकू नका."

कोचने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "उलट्या क्रमाने सांगितलं असतंस, तर जागा तुझी होती."

"म्हणून तर," गोलकीपर म्हणाला.

तपासणीत स्नायू अर्धा फाटलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा सामना खेळला असता तर गोष्ट हाताबाहेर गेली असती. विश्रांती घेतली तर पूर्ण बरा होईल. क्लबने भिंगरीला ठेवलं. भिंगरी मात्र रुसला. दाजीने शब्द मोडला एवढंच त्याला दिसत होतं. तो जेवायला बसायचा, ताईशी बोलायचा, आणि मीठ हवं असलं तर ताईलाच म्हणायचा, "त्यांना सांग, मीठ द्या." मीठ दाजीच्या हाताशीच असायचं. तो ते तसंच सरकवायचा. शेवटी एक दिवस बायकोने हातातली पँट मशीनवर टाकली आणि भिंगरीला सगळं सांगितलं. नियम, जागा, कोचच्या खोलीतला क्रम, सगळं. संध्याकाळी तो कठड्याला धरून जिना चढून गेला आणि न्हाणीघरातले ओले मोजे आणून आपल्याच खोलीच्या खिडकीत टांगले. कॉटवर पाणी ठिबकत होतं, तरी तसेच ठेवले.

म्हणून काही गोलकीपर संत झाला नाही. नव्या क्लबात लाकडी स्टँड होता, नळ एकच, तोही कधीकधी. खेळ संपला की टाळ्या मोजून घ्याव्यात इतक्या. तिथून परत येताना बसमध्ये भिंगरीचा मोठा फोटो लावलेला दिसायचा आणि त्याच्या पोटात ओळखीचं दुखायचं. सासूबाई अजून भिंगरीलाच आधी विचारायच्या. पुढे क्लबने भिंगरीला मैदानाजवळ घर दिलं, मागची खोली रिकामी झाली, दोरी पुन्हा बांधली गेली. मोजे वाळवायला आता भरपूर जागा होती. भिजवायला तेवढे सामने नव्हते.

* * *

पाय बरा होऊन भिंगरी पहिल्यांदा खेळणार होता, त्या दिवशी त्याने दोघांना बोलावलं. चांगल्या जागा होत्या, गोलच्या मागे जरा वर. गोलकीपर नको नको म्हणत आला. आपल्या खांबांमध्ये आता एक उंच, तरणाबांड कीपर उभा होता. ह्याने त्याच्याकडे खालून वर पाहिलं आणि मनात त्याच्या मोज्यांना नावं ठेवली.

"उन्हात वाळवतो हा," तो बायकोला म्हणाला. "तळवे बघ कसे कडक झालेत."

"एवढ्या लांबून तुम्हाला तळवे दिसतात?"

"दिसतात."

भिंगरी मैदानात उतरला, गाणं सुरू झालं. गोलकीपर हाताची घडी घालून बसला. सहन होण्यासारखं होतं. मग डावीकडून एक उंच चेंडू आत आला आणि कप्तान गरजला, "डाजी!"

डावा बॅक, "डाजी!" सगळे बाजूला झाले. उंच पोराने पुढे येऊन चेंडू घेतला.

गोलकीपर ताडकन सरळ बसला. कान गरम झाले. गाणं गेलं होतं, जागा गेली होती, आकडा गेला होता. राहता राहिला होता तो एक शब्द, तोही या लोकांनी उचलून त्या टोळभैरवाला देऊन टाकला.

"तो यांचा डाजी कधीपासून झाला?"

बायकोने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते. "अहो, त्यांना काय कळतंय. मग त्याची बायको माझी कोण लागते आता?"

"हसू नकोस."

"नाही हसत."

समोरच्यांना कॉर्नर मिळाला. भिंगरी मागे आला, आता लंगडत नव्हता. चेंडू उडाला, तसाच उंच, तसाच रेंगाळत, आणि उतरला तो थेट भिंगरीच्या डोक्यावर. उंच पोरगा मागून धावत निघाला होता. गोलकीपरने श्वास रोखला. बायकोचं हसू थांबलं. तिनेही ओळखलं होतं, हा कशाची वाट बघतोय ते.

भिंगरीने वर पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं, नीट पाहिलं, कोण येतंय ते. आणि इथल्या भाषेत, इथल्या लोकांसारखा, मोठ्याने ओरडला,

"कीपर!"

आणि बाजूला झाला.

गोलकीपरने रोखलेला श्वास हळूहळू सोडला. करंगळी गुडघ्यावर वेगळीच उभी होती. त्याने ती दुसऱ्या हाताने झाकली.

"काय हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "बरोबर सोडला चेंडू."